छत्तीस नंबरची दाढ

उजळणी हा शब्द मला फार आवडतो. मराठीच्या प्राध्यापकाला असल्या आवडी परवडतात. त्यांना खर्च येत नाही. नवे शिकणे निराळे आणि उजळणी करणे निराळे. जे उजळायचे ते आधीपासून घरात असावे लागते. दिवाळीपूर्वी माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, चिंच लावून घासली जातात आणि मग त्यांत आपले तोंड दिसू लागते. ती भांडी काही त्या दिवशी बाजारातून आणलेली नसतात. पाढ्यांच्या पुस्तकालाही 'उजळणी'च म्हणत. आजोबांच्या पिढीला पावकी-निमकीपर्यंत मजल मारावी लागे. आमचे तिसाच्या पाढ्यावर भागले. आमच्या पुढच्या पिढीचे पाढे यंत्राने गिळले, तेव्हा उजळणीही गेली असे मी धरून चाललो होतो. पण गेले वर्षभर माझ्या थोरल्या भावाच्या घरी, दातिवऱ्याला, एक उजळणी अशी काही रंगली आहे की आजोबांनी पावकी-निमकी गुंडाळून ठेवावी.

एरवी आठवड्याच्या पानावर मला जेमतेम दीड स्तंभ मिळतो. दिवाळी अंकात संपादक हात सैल सोडतात, म्हणून आज ही हकिगत जरा ऐसपैस सांगतो.

दातिवरे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी: पश्चिम रेल्वेच्या सफाळे स्थानकावर उतरायचे, एस. टी. धरायची आणि रस्ता समुद्राला टेकून संपला की दातिवरे आले. वैतरणा तेथे समुद्राला मिळते. पलीकडे अर्नाळा. वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, चिमाजीअप्पांच्या फौजेने हा सारा किनारा पोर्तुगिजांकडून घेतला, एवढा इतिहास तेथल्या पोरांना तोंडपाठ असतो. गावाच्या नावात दात आहेत आणि आमच्या घरात दातांची डॉक्टरीण आहे. यावरून एखादी ओढूनताणून व्युत्पत्ती बसवण्याचा मोह मी आवरतो.

ही डॉक्टरीण म्हणजे माझी पुतणी. चार वर्षांचे शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप अशी पाच वर्षे काढून ती बी. डी. एस. झाली. घराण्यात पहिल्यांदाच कोणाच्या नावामागे 'डॉक्टर' लागले. वहिनींनी गावभर पेढे वाटले. आणि पेढ्यांचा डबा धुऊन पालथा पडतो न पडतो तोच चिरंजीव कन्या म्हणाली, "मला एम. डी. एस. करायचंय. ओरल सर्जरी."

म्हणजे आणखी तीन वर्षे. आणि त्याआधी देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. या परीक्षेला नीट-एम. डी. एस. म्हणतात. नाव 'नीट' असले तरी भल्याभल्यांना वाकडे करते. तीन तासांत २४० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण कापायचा. एकूण ९६०. पात्रतेची रेषा सर्वसाधारण वर्गासाठी पन्नासाव्या पर्सेंटाइलवर. हे टक्के नव्हेत; परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे तुम्ही आहात, एवढाच त्याचा अर्थ. निम्म्यांच्या पुढे गेल्याने जागा मिळते असेही नाही. हव्या त्या विषयाची, परवडेल अशा फीची जागा मिळायला फार वर चढावे लागते. आमची पुतणी गेल्या खेपेला पात्र झाली, पण जी जागा मिळत होती तिची फी ऐकून दादाने पाण्याचा तांब्या मागितला. तेव्हा यंदा दुसरी खेप.

वाचकहो, आम्ही मराठीवाले 'रसग्रहण करा' असे सांगून मुलाला चार पाने मोकळी सोडणारे लोक. ४५ सेकंदांत रसग्रहण काय, रसाचा वासही यायचा नाही. म्हणून प्रारंभी या परीक्षेबद्दल माझे मत फारसे बरे नव्हते. ते थोडे बदलले, ते मी तिचा परीक्षक झालो तेव्हा.

झाले असे की, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिकडे महिनाभर मुक्कामाला होतो. पुतणीने जाड कागदाच्या हातभर उंच थप्प्या करून ठेवल्या होत्या. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. मी ओटीवर झोपाळ्यात बसून प्रश्न वाचायचा आणि तिने येरझाऱ्या घालीत उत्तर द्यायचे, अशी व्यवस्था ठरली. २४० पैकी १०० प्रश्न पायाच्या विषयांवर असतात: शरीररचना, शरीरक्रिया, रोगविज्ञान, औषधशास्त्र, दातांची घडण, दातांसाठी वापरायचे पदार्थ. उरलेले १४० प्रत्यक्ष उपचारांवर. बहुतेकांचा पाय पहिल्या शंभरात घसरतो, कारण ते शिकून चार-पाच वर्षे लोटलेली असतात. पितळ काळे पडायला तेवढी वर्षे पुरतात.

पहिल्याच संध्याकाळी 'छत्तीस' निघाला. मराठीत आपण दातांना आकारावरून आणि स्वभावावरून नावे दिली आहेत: पटाशीचे दात, सुळे, दाढा, अक्कलदाढ. डॉक्टर मंडळी आकड्यांनी ओळखतात. तोंडाचे चार भाग करायचे: वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. मग समोरच्या मधल्या दातापासून मागे एक ते आठ मोजायचे. म्हणजे छत्तीस हे काही तीसवर सहा नव्हेत. तिसऱ्या आळीतले सहावे घर. खालच्या डाव्या बाजूची पहिली कायमची दाढ.

"काका, या दाढेचं आणि आईबापांचं खरंच छत्तीसचा आकडा आहे," पुतणी म्हणाली, आणि येरझाऱ्या थांबवून तिने मला समजावले. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. येताना एकही दुधाचा दात पाडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे गुपचूप उगवते. आईबापांची समजूत अशी, की कायमचा दात म्हणजे आधीचा पडून त्या जागी आलेला. काही पडलेच नाही, तेव्हा हा दुधाचाच. किडला तर किडू दे, पुढे पडणारच आहे! आणि अशा रीतीने आयुष्यभर चावायची दाढ पोर चौथीत जाण्यापूर्वी पोखरून निघते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत खाल्लेले अडकते. तोंडातले जंतू गोडाचे आम्ल करतात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की दातावरचे कवच विरघळू लागते. पुस्तकात ती मर्यादा ५.५ पीएच अशी दिली आहे. कवच शरीरातले सर्वांत कठीण द्रव्य. वजनाने ९६ टक्के खनिज. पण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात, म्हणून गेलेले कवच पुन्हा उगवत नाही. हाड मोडले तर जुळते. दाताचे कवच गेले ते गेले. ज्या घरी पाच-सहा वर्षांचे मूल आहे त्यांनी करंजीचा घास बाजूला ठेवून एकदा त्याच्या तोंडात डोकवावे. दोन्ही जबड्यांत, दोन्ही बाजूंना, अशा चार दाढा असतात.

हे सारे एका आकड्यात दडलेले असते, याची मला गंमत वाटली. पाठ करणारा 'छत्तीस म्हणजे खालची डावी पहिली दाढ' एवढे म्हणून पुढे जातो. उजळणी करणाऱ्याला आकडा ऐकला की मूल दिसते.

शरीररचनेचे तेच. डोक्याच्या पाचव्या नसेच्या तीन शाखा, त्यांतल्या तिसरीची एक उपशाखा खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूने हाडात शिरते, बोगद्यातून आगगाडी जावी तशी दाढांखालून जाते आणि तिचा एक फाटा हनुवटीजवळच्या भोकातून बाहेर पडून ओठाला मिळतो. चौरसियांच्या पुस्तकात हे वाचताना जांभई येते. पण खालची दाढ काढायला तुम्ही कधी खुर्चीत बसला असाल, तर सुई टोचल्यावर डॉक्टर थोडे थांबून काय विचारतात ते आठवा. "ओठ जड झाला का?" दाढ मागे, ओठ पुढे, मग ओठाची चौकशी कशाला? कारण ओठ जड झाला म्हणजे औषध बोगद्याच्या तोंडाशी बरोबर पोचले. एवढ्या चार शब्दांसाठी अख्खे प्रकरण. आणखी एक गोष्ट तिने सांगितली ती येथे मुद्दाम नोंदवतो: हृदयाचे दुखणे कधी कधी खालच्या जबड्यात जाणवते. दात निरोगी, जबडा दुखतोय, चालले की वाढतेय, अशा माणसाला दातांच्या दवाखान्यातून तडक इस्पितळात पाठवायचे असते. पायाचे विषय कशाला हवेत, असे विचारणाऱ्यांनी त्या माणसाच्या घरच्यांना विचारावे.

पदार्थविज्ञानाच्या थप्पीत आमच्या वहिनींनी बाजी मारली. प्रश्न प्लॅस्टरचा होता. दाताचा ठसा घेतल्यावर त्यात साचा ओततात, तो कधी साध्या प्लॅस्टरचा, कधी 'स्टोन' नावाच्या पुडीचा. रसायनाच्या दृष्टीने दोन्ही एकच. गणपती करतात तेच प्लॅस्टर ऑफ पॅरिस. मग स्टोन अधिक कणखर का? शंभर ग्रॅम प्लॅस्टरला ४५ ते ५० मिलिलिटर पाणी लागते, स्टोनला २८ ते ३०. आकडे पुतणी दर वेळी विसरत होती. वहिनी माजघरात चकलीचे पीठ मळीत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "ज्याला पाणी कमी लागतं ते घट्ट होणार, त्यात काय पाठ करायचंय? सैल पिठाची चकली तुटते." स्टोनचे कण दाट आणि नेटके असतात, म्हणून कमी पाण्यात भिजतात, जादा पाणी सुकून गेले की मागे पोकळ्या राहतात आणि साचा ठिसूळ होतो. वहिनींनी हे सारे पिठावर आयुष्यभर ताडून पाहिले होते. पुतणी त्यानंतर ते आकडे विसरलेली नाही.

येथवर सारे मौजेचे झाले. पण घरात एक गोष्ट मौजेची नव्हती.

दादा बोईसरच्या कारखान्यात तीस वर्षे पाळी करून आता निवृत्तीला आला आहे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येईल ती एकदाच. सफाळ्याला स्टेशनजवळ एक गाळा विकाऊ होता. दादाचे म्हणणे साधे होते: गाळा घ्यावा, दातांची खुर्ची बसवावी, पाटी लावावी, पंचक्रोशीतले लोक दाढ दुखली की आज विरारची गाडी धरतात, ते येथे येतील. पुतणीचे म्हणणे असे, की पैसे राखून ठेवावेत. यंदा चांगला क्रमांक आला तर सरकारी जागा मिळेल आणि ते लागणारही नाहीत. आणि नाही आला तर? या प्रश्नाला दोघांपैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. जेवताना दोघे ताटाकडे बघून जेवत. दादा म्हणे, "दात कोरून पोट भरत नाही," आणि ही म्हण दंतवैद्याच्या बाबतीत लागू कशी पडत नाही हे सांगण्याचा तो प्रसंग नव्हता. मी दोघांची बाजू ऐकली. माझ्या मते दादाचे काहीच चुकत नव्हते. ज्याने पैसा पाळी-पाळीने जमवला त्याला तो दिसेल अशा वस्तूत घातलेला हवा असतो. आणि खुर्ची दिसते, क्रमांक दिसत नाही.

नवरात्राच्या सुमारास मी पुन्हा दातिवऱ्याला गेलो. तेव्हा रोगविज्ञान चालू होते. एका कागदावर १९५३ असे साल होते. सुपारीच्या व्यसनाने गालाच्या आतली त्वचा पांढरी, ताठ होते, तोंड उघडेनासे होते. 'सबम्यूकस फायब्रोसिस' म्हणतात त्याला. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये श्वार्ट्झ यांनी त्याची नोंद केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी आपल्याकडच्या रुग्णांवरून. जगभरच्या दंतविद्यार्थ्यांना हा मराठी आडनावाचा माणूस पाठ करावा लागतो, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. दुसऱ्या कागदावर १९७२. होमी भाभांनी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एके काळी दातांच्या संशोधनाचाही एक विभाग होता, हे ऐकून मी चाटच पडलो. त्या विभागाच्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून कर्करोग आणि त्याच्या आधीच्या खुणा यांचा हिशेब मांडला. एक लाखावर माणसांना 'आ करा' म्हणायचे! मला तर एका वर्गाला 'शांत बसा' म्हणताना धाप लागते. तिसरा कागद व्याख्येचा होता: पुसून न निघणारा पांढरा चट्टा, जो दुसऱ्या कोणत्याही ज्ञात रोगात बसवता येत नाही. असा चट्टा कर्करोग नव्हे, पण त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीवाड्यातली एक बाई ओटीवर आली. साठीची असेल. सफाळ्याच्या बाजारात मासळी विकणारी. दाढ हलत होती. डॉक्टरीण अभ्यासाला बसली आहे असे वहिनींनी सांगून पाहिले. पण अशी माणसे आली की पुतणी थप्पी बाजूला ठेवते, आणि वहिनींचा सारा राग त्या थप्पीवर निघतो. तिने हात धुतले, मोबाइलची बत्ती लावली. दाढेचे पाहून झाले तरी बत्ती विझेना. खालच्या ओठाच्या आत, हिरडीलगत, तिला काहीतरी दिसले होते. तिने कापसाने पुसले. पुन्हा पुसले.

"मावशी, तंबाखू खाता?"

"नाय बाय. आपुन नाय खात."

"पान? सुपारी?"

"नाय."

बाई खोटे बोलत नव्हती. मी झोपाळ्यावर बसून ऐकत होतो. पुतणी क्षणभर थांबली आणि तिने विचारले, "दात कशानं घासता?"

"मशेरीनं."

"किती वेळा?"

"सकाळी. दुपारी. रातीला निजताना जराशी लावून ठेवते, बरं वाटतं."

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच. पण बाईच्या लेखी तंबाखू ही खाण्याची वस्तू आणि मशेरी ही दात घासण्याची. 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला तिचे उत्तर शंभर टक्के खरे होते. इंग्रजी पुस्तकातल्या प्रश्नाचे शब्दशः मराठी करून विचारणारा तेथेच फसला असता आणि 'व्यसन नाही' असे लिहून मोकळा झाला असता. पुतणीला हे कोणत्या कागदाने शिकवले ते मी विचारले. ती म्हणाली, इंटर्नशिपच्या वर्षात रुग्णांची माहिती लिहून घेताना शिकले. व्याख्या मात्र काल संध्याकाळीच उजळली होती, म्हणून पुसून बघायचे सुचले.

मग तीन दिवस परीक्षेच्या अभ्यासातून गेले. बाईची लेक कामावर, मुलगा होडीवर. पुतणी स्वतः तिला घेऊन डहाणू लोकलने मुंबईच्या रुग्णालयात गेली. चट्ट्याचा तुकडा काढला. अहवाल यायला दिवस लागले, आणि त्या दिवसांत आमच्या घरी कोणी मोठ्याने बोलले नाही. दादाही नाही. अहवाल आला: कर्करोग नाही, पेशींत थोडा बदल आहे, मशेरी बंद करायची आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचे. बाईने मशेरीचा डबा लेकीच्या हवाली केला. पुरता सुटली असे मी म्हणणार नाही. चाळीस वर्षांची सवय आहे. पण रात्री ओठात भरून निजणे बंद झाले, असे ती सांगते.

हा प्रसंग परीक्षेत प्रश्न म्हणून आला तर चार पर्याय समोर असतील आणि ४५ सेकंद. तेथे बाईच्या वतीने पुस्तक बोलेल आणि तंबाखूचा उल्लेख पहिल्याच ओळीत असेल. त्या अर्थी परीक्षा सोपीच. तरी मी आता परीक्षेला नावे ठेवीत नाही. तीन दिवस मागे पडलेल्या मुलीने चौथ्या दिवशी पहाटे चारला दिवा लावून थप्पी पुन्हा उघडली, ती काही परीक्षेवाचून उघडली नसती.

गुण कापण्याच्या नियमाची मला धास्ती होती, तीही तिने घालवली. डोळे मिटून चार उत्तरे ठोकली आणि सरासरीने एक बरोबर निघाले, तर चार मिळतात, तीन जातात, एक पदरात उरतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर चारांत दोन बरोबर: आठ मिळाले, दोन गेले, सहा उरले. म्हणजे अर्धवट आठवणाऱ्यालाही किंमत आहे. मराठीच्या पेपरात ही सोय आम्ही अजून केलेली नाही.

गाळ्याच्या मालकाने दादाकडे उत्तर मागितले होते. दादाने काय कळवले ते मला परवा वहिनींकडून कळले: परीक्षेपर्यंत थांबता येत असेल तर थांबा, नाहीतर दुसऱ्याला द्या. पुतणीला हे त्याने स्वतः सांगितलेले नाही. या आठवड्यात औषधशास्त्राची थप्पी आहे. मी पाडव्याला प्रश्न वाचायला जातो आहे. कोळीवाड्यातल्या मावशींची दुसरी तपासणी पौषात आहे, आणि या खेपेला त्यांना मुंबईला घेऊन जायला दादाने रजा टाकली आहे.